शंकेखोर अण्णा

आमच्या पेठेतल्या मेडिकलवाल्या अण्णांकडे औषध मिळतं, पण आधी जबानी द्यावी लागते. "कुणासाठी? वय? आणखी काय काय चालू आहे?" मागे रांग चुळबुळत असते, अण्णांना त्याचं काही नाही. "बीपीची ती पांढरी गोळी द्या" असं कुणी म्हणालं, की ते मागच्या फळ्यांकडे हात करतात. "सगळ्या पांढऱ्याच आहेत. कुठली बांधू?"

डॉक्टरांवर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही, म्हणजे अक्षरावर. औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये बजावलं. आमच्या डॉक्टरांना ते टपाल अजून पोचायचंय. 'ॲम' वाचता येतं, पुढे नुसती गोम. मग अण्णा भर गर्दीत फोन लावतात. "डॉक्टर, ॲम्लोडिपिन की ॲमिट्रिप्टिलिन? एक रक्तदाबाची, दुसरी उदासीची, आणि 10 मिलिग्रॅममध्ये दोन्ही येतात!" पलीकडून डॉक्टर ओरडतात. अण्णांना तेवढंच हवं असतं, ओरडताना तरी नाव स्पष्ट उच्चारतात.

पण खरे अण्णा पाहायचे तर मेथोट्रेक्सेट देताना. परवा संधिवाताच्या काकू आल्या.

"कधी घ्यायची?"

"सोमवारी."

"मंगळवारी?"

"नाही."

"बुधवारी?"

"अहो अण्णा, नाही म्हणते ना!"

रविवारपर्यंत सगळे वार झाल्याशिवाय पुडी हातात पडली नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्त तयार होणंच मंदावतं, माणूस दगावतोसुद्धा. मग पुडीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त सोमवार', खाली दोन रेघा.

इन्सुलिनचीही तीच तऱ्हा. लाल टोपीची सिरिंज 40 ची, केशरी 100 ची. 100 चं औषध लाल टोपीत भरलं तर डोस अडीचपट! म्हणून बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडे गिऱ्हाइकाकडूनच वाचून घेतात. गोळ्या कापून देतानाही औषधाचं नाव तुमच्या तुकड्यावर आलंच पाहिजे, त्यासाठी कात्री चक्क वाकडी चालवतात.

तेव्हा अण्णांकडे जाताना चिठ्ठी न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या. आणि सुटे पैसेही न्या. सुट्ट्यांऐवजी चॉकलेट द्यायची वेळ आली, तर अण्णा आधी शुगरचा रिपोर्ट मागतात.