वरून की खालून?

विमा कंपनीतून निवृत्त झालेला एक मराठी माणूस प्रत्येक गावात असतो. पुण्यात असतो, डोंबिवलीत असतो, बडोद्यात तर दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या वाट्याला आलेला कलकत्त्यात आहे आणि थेट आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहतो. तुम्ही ओळखताच त्यांना. इस्त्रीचा लेंगा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत दुसऱ्याच कुणाची तरी पॉलिसी. आपण जिन्यात “कसे आहात काका?” असं विचारावं, तर “बारीक अक्षरातलं वाचलंस का?” हे उत्तर येतं.

बंगाली शेजारी त्यांना काकाबाबू म्हणतात. एवढी वर्षं इथे काढून काका बंगाली मराठी उच्चारात बोलतात आणि मराठी बंगाली हेलात. दोन्ही भाषांत त्यांचा प्रश्न मात्र एकच असतो.

“पाणी वरून आलं की खालून?”

हा प्रश्न वेडगळ नाही, हीच खरी अडचण आहे. गच्चीला तडे जाऊन पाणी झिरपलं तर ती झीज, मालकाची हयगय. कंपनी हात वर करते. टाकी ओसंडली किंवा पाइप फुटला तर भरपाई मिळते. रस्त्यावरचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं तर तो पूर, तोही भरपाईत बसतो. म्हणजे फरशी तीच, पाणी तेच, पाय तेवढेच ओले. पण दिशा बदलली की रक्कम बदलते. छत्तीस वर्षं दिशेवर पगार घेतलेल्या माणसाला पुढे जगाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघता येणार?

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या आरतीनंतर तीर्थाचं भांडं कलंडलं आणि गुरुजींचं सोवळं भिजलं. सगळे पुसायला धावले. काका जागचे हलले नाहीत. “वरून सांडलं, की पाटाखालून आलं?” समोरच्या डॉक्टरबाबूंच्या स्वयंपाकघरात ओल आली तेव्हा त्यांच्या बायकोला, आमच्या बौदीला, भिंतीपाशी उभं करून तासभर हेच चाललं होतं, शेवटी तिनं चहा दिला तो बशीत सांडला, आणि पुन्हा तेच. एकदा आम्ही सगळे पुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, खात उभे होतो. काकांच्या हातातला पुचका फुटला आणि चिंचेचं पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत गेलं. आमच्या धाकट्यानं एवढा मौका सोडला असता तर तो माझा मुलगाच नव्हे. “काका, वरून की खालून?” काकांनी पुचक्याचं उरलेलं शकल उजेडात धरून तपासलं आणि गंभीरपणे म्हणाले, “खालून. उत्पादनातला दोष. याची भरपाई नाही.” माझ्या नणंदेच्या बाळाच्या बारशाला गोधडी भिजली, तेवढ्या एकाच प्रसंगी काका गप्प बसल्याचं मला आठवतं.

तर अशा माणसाच्या खाली राहत असताना २०२५च्या सप्टेंबरात २२ तारखेची रात्र उजाडली. उजाडली कसली, बुडाली. महालया आदल्याच दिवशी झालेला, दुर्गापूजा दारात आलेली, मांडवांचे बांबू उभे, आणि मध्यरात्रीनंतर आभाळ फाटलं. चोवीस तासांच्या आत शहरात २५१.४ मिलिमीटर पाऊस पडला. १९८६ नंतर असा झाला नव्हता. आमच्या जोधपूर पार्कच्या बाजूला २८५, गडियाकडे कामडहरीला तर ३३२. ठाण्याच्या मावसदिरांनी सकाळी फोन करून “फक्त अडीचशे? आमच्याकडे २००५ साली सांताक्रूझला ९४४ झाला होता” असं ऐकवलंच. मराठी माणूस पुरातसुद्धा दुसऱ्याला पहिला नंबर देत नाही.

मला जाग आली ती चपला खाटेला टकटक आपटत होत्या म्हणून. पाय खाली सोडला तो घोट्यापर्यंत गार पाण्यात. पहाटेपर्यंत पाणी गुडघ्याला आलं. फ्रिज एका कुशीवर कलला, तांदळाचा डबा तरंगत देवघरापर्यंत गेला. आम्ही दोघं गादी उचलायला वाकलो तोच जिन्यातून आवाज आला, “हात लावू नका!”

काका. लेंगा मांडीपर्यंत दुमडलेला, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात शिंप्याची टेप.

“अहो, गादी भिजतेय!”

“भिजलीये. आता ती पुरावा आहे. आधी फोटो.”

फोटो झाले. मग काकांनी भिंतीवर पाण्याच्या रेषेवर लाल पेनानं खूण केली, तारीख आणि वेळ टाकली आणि खाली सही ठोकली. दिवाणखान्याच्या भिंतीवर, वर्षभरापूर्वीच्या नव्या रंगावर. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी विचारलंच. आमच्या गुडघ्यापर्यंत पाणी, रस्त्याचा तलाव झालेला, दारातून कुणाची तरी बादली आत येतेय, आणि हा गृहस्थ विचारतोय, “वरून की खालून?”

खाली डॉक्टरबाबू गाडी काढायला निघाले होते. काका बाल्कनीतून गरजले, “डाक्तारबाबू, चाबी घोराबेन ना!” त्यांचं म्हणणं असं की, पाणी दाबून लहान होत नाही. सिलिंडरमध्ये शिरलं आणि आपण स्टार्टर मारला, की आतला दांडा वाकतो. मग कंपनी म्हणते, पुरानं नाही, तुम्हीच इंजिन मोडलंत. इंजिनसाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर पैसे विसरा. डॉक्टरबाबूंनी किल्ली खिशात टाकली. पलीकडच्या गल्लीतल्या एकानं टाकली नाही. त्याचं इंजिन दिवाळीपर्यंत गॅरेजात होतं.

दुपारी पाणी ओसरेना. डॉक्टरबाबू वैतागून म्हणाले की, या शहराला पाणी बाहेर काढायची अक्कलच नाही. हेही पूर्ण खरं नाही. शहराचा उतार नदीकडे नसून उलट पूर्वेला, खाजणांकडे आहे. पामर ब्रिजसारख्या ठिकाणी पंपानं पाणी उपसावं लागतं. आणि हुगळीला भरती आली की तिकडची दारंही लावून घ्यावी लागतात, नाहीतर नदीच घरात यायची. पण डॉक्टरबाबूंनी विषय काढलाच होता, तेव्हा काकांनी खंदक काढला. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचं सैन्य येईल या धास्तीनं इंग्रजांनी आणि इथल्या लोकांनी शहराभोवती खणायला घेतलेला तो मराठा डिच. मराठे कलकत्त्यात आलेच नाहीत, खंदकही पुरा झाला नाही आणि १७९९ साली तो बराचसा बुजवून सर्क्युलर रोड केला. “खणायला कारण आम्ही दिलं,” काका म्हणाले. “बुजवला तुम्ही. आज असता तर पाणी कुठे गेलं असतं?” डॉक्टरबाबूंकडे उत्तर नव्हतं. बर्गींचा, म्हणजे त्या मराठा स्वारांचा, एवढा उपयोग बंगालमध्ये पहिल्यांदाच कुणी सांगितला असेल.

खरा छळ पुढे सुरू झाला. सर्व्हेयर येईपर्यंत गादी टाकायची नाही. ती जिन्यात उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला वास सुटला, तिसऱ्या दिवशी तिच्यावर काहीतरी हिरवं उगवलं. पूजेची षष्ठी २८ तारखेला होती. त्यानंतर कलकत्त्यात सर्व्हेयर काय, यमदूतसुद्धा कामावर येत नाही. काका मात्र रोज सकाळी गादीला भेट देत आणि समाधानानं मान हलवत.

पॉलिसी होती. घराच्या कर्जाबरोबर बँकेनं गळ्यात घातलेली. आम्ही ती उघडलीही नव्हती. ती काकांनी दोन पेनं घेऊन वाचली. निळ्यानं मिळणारं, लालनं न मिळणारं. ‘भारत गृह रक्षा’ नावाची ही पॉलिसी १ एप्रिल २०२१पासून सगळ्या कंपन्यांकडे एकाच साच्यात मिळू लागली. घराचा विमा असला की आतल्या सामानाचाही विमा आपोआप होतो: इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाख. हे बँकेत कुणी सांगितलं नव्हतं. पडझडीचा राडारोडा उचलायला दाव्याच्या दोन टक्क्यांपर्यंत. पुरानंतर सात दिवसांत चोरी झाली तर तीही त्यात. आणि क्षेपणास्त्राच्या चाचणीनं घर पडलं तरी भरपाई! हे वाचताना काकांचा चेहरा असा उजळला की वाटलं, आता हे बालासोरच्या चाचणीतळाच्या दिशेनं आशेनं बघत बसणार.

यादी करायला बसलो. काकांनी माझ्या बाजूनं बसायचं होतं. सोफा, मी किंमत सांगितली. “घेतला कधी?” २०१४. “मग घसारा धर.” शोकेस? घसारा. मिक्सर? घसारा. अहो, कंपनीला काय कापायचं ते कंपनी कापेल, तुम्ही कशाला आधीच सुरी फिरवता? “प्रामाणिक यादी लवकर पास होते.” मी तोंडावर आणलं नाही, पण वाटलं, यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील तेव्हा हे काकूंनाही घसारा लावतील.

सर्व्हेयर आला तो बिचारा पोरसवदा, बूट हातात घेतलेला. काकांनी त्याची तोंडी परीक्षाच घेतली. तो भिंतीवरची सही पाहून भारावला. गादी पाहून मागे सरला. पुढे कंपनीचं पत्र आलं: गादी व फ्रिज यांच्या खरेदीची मूळ बिलं जोडावीत. बिलं होती, कपाटाच्या तळच्या खणात, आणि तळचा खण पाण्यात होता. काकांनी उत्तर लिहिलं. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. “सदर बिले ही घरातील सामानाचाच भाग असल्याने तीही भिजली आहेत. त्यांची भरपाई मागितलेली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.” खाली एक ओळ, की महिनाभरात निकाल न लागल्यास आम्ही विमा लोकपालांकडे जाऊ. त्यांचं कार्यालय इथेच, चित्तरंजन अॅव्हेन्यूवरच्या हिंदुस्थान बिल्डिंगमध्ये आहे आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत. काकांना तिथे जायची मनापासून हौस होती. पण कंपनीनं पैसे देऊन त्यांची निराशा केली. मागितले त्यापेक्षा थोडे कमी दिले. तेही काकांनी आधीच कापलेल्यांच्या वर.

काकांच्या लेखी विमा हा धंदा नव्हताच, तो या शहराचा वारसा होता. देशातली पहिली साधारण विमा कंपनी, ट्रायटन, १८५० साली इथेच निघाली. हिंदुस्थान को-ऑपरेटिव्ह ही विमा सोसायटी तर १९०७ साली जोडासाँकोला, ठाकूरांच्या वाड्यातल्या एका खोलीत जन्मली. “रवींद्रनाथांनी कविता केल्याच,” काका म्हणत, “पण बारीक अक्षराची जाणही होती त्यांना.”

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट नाइलाजानं सांगायला हवी. त्या पहाटे “हात लावू नका” ही काकांची पहिली हाक नव्हती. त्याआधी अंधारातून एक ओरडा आला होता: “मेन बंद करा! आधी मेन!” मीटरच्या खोलीपर्यंत ते स्वतः पोचले होते. त्या दिवशी शहरात किमान दहा माणसं गेली, बहुतेक विजेच्या धक्क्यानं, कुणी भर रस्त्यात. टेप आणि टॉर्च नंतर आली. आम्हाला तेवढं टेपचंच लक्षात राहिलं.

आणि दुसरी, कॉलेज स्ट्रीटची. पूजेच्या आधी काका मला तिकडे घेऊन गेले, त्यांच्या ठरलेल्या जुन्या पुस्तकवाल्याकडे. सगळ्या फुटपाथवर पुस्तकं वाळत घातलेली. पानं फुगून एकेका पुस्तकाची दोन झालेली, बांधणीचा डिंक सुटलेला, पाय ठेवायला जागा नाही. माणूस स्टुलावर बसून एक अभिधान, म्हणजे शब्दकोश, पान-पान सुटं करत होता आणि मधे मधे टीपकागद घालत होता. २०२०च्या अंफान चक्रीवादळानंतर त्यानं हेच केलं होतं. विमा? तो हसला. फुटपाथवरच्या टपरीला कोण विमा देतं, आणि दिला तर हप्ता कोण भरतं?

मला वाटलं, काका आता बारीक अक्षरांवर भाषण देतील. त्यांनी पिशवीतून फुलस्केप काढला, रेघा मारल्या आणि दुसरं स्टूल ओढलं. “बोल. नाव, लेखक, किंमत.”

“जमा कुठे करायचं, काकाबाबू?”

“ते नंतर बघू. आधी यादी होऊ दे.”

दुपार गेली. तो सांगत होता, काका लिहीत होते, निळ्यानं. लाल पेन खिशातच. मधे चहाचे भांड, म्हणजे मातीचे कप, आले आणि रिकामे झाले. वरून की खालून हेही विचारून झालं, नोंदही झाली. अभिधानाचे दोन खंड आले तेव्हा त्यानं किंमत सांगितली आणि काकांचा हात सवयीनं थबकला.

“छापलंय कधी? जुनं आहे. घसारा धरावा लागेल.”

पुस्तकवाल्यानं हातातलं पान बाजूला ठेवलं. “काकाबाबू, आमच्या धंद्यात पुस्तक जुनं झालं की किंमत चढते.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग त्यानं सांगितलेली किंमत तश्शी लिहिली, आणि आधीच्या पानावर जाऊन कापलेल्या सगळ्या रकमाही खोडून पूर्ण केल्या. बराच वेळ लागला.

मी काही म्हणणार एवढ्यात, वर न बघताच बोलले, “सोफ्याला हे लागू नाही हं.”