तिरके भावी

२०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, फ्लेक्सवरचे अक्षर मात्र तेच, ठळक आणि तिरके. दिल्लीगेटपाशी मान वर करा: ‘भावी आमदार’ हे शब्द मुंबईची गाडी सुटत असल्यासारखे उजवीकडे झेपावलेले, पिवळी कडा लेवून. १५०१ साली व्हेनिसच्या आल्डस मानुटिअसने तिरक्या अक्षरांत अख्खा व्हर्जिल छापला, तो खिशात मावावा असा. आमचे तिरके अक्षर चौकातही मावत नाही. देवनागरीचा पिंडच उभा. पण कोरलड्रॉमध्ये एक बटण दाबले की काना कलतो, मात्रा लवंडते, शिरोरेषा तेवढी आडवी राहते. भावी साहेबांचेही तसेच: वरची रेघ निष्ठेची, खालचे सगळे अंग सत्तेकडे कललेले.