लंगोटीयार पाहिजेत

पुतण्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली. छुप्या कॅमेऱ्याच्या नव्या कार्यक्रमासाठी 'चार लंगोटीयार पाहिजेत, वय 22 ते 28.' खाली बारीक अक्षरांत : 'एकमेकांची पूर्वओळख असणे आवश्यक नाही.'

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून चौथ्यांदा.

म्हणजे लंगोट कंपनीचा. बरोबरच आहे, गणवेश द्यावाच लागतो. सकाळी दहाला हजर व्हायचं, सही करायची, बालपण ताब्यात घ्यायचं. साडेदहाला एकाने दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घालायचा, दुसऱ्याने 'साल्या' म्हणायचं; 'साल्या'त माया कमी पडली तर रीटेक. अकरापासून शाळेच्या आठवणींचं पाठांतर. लेखक रजेवर असल्याने तूर्त चौघांनी एकाच मुलाचा डबा खाल्लेला आहे, तो मुलगा कोण हे ठरायचंय. जेवणाच्या सुट्टीनंतर जुनं भांडण, चहाच्या आत समेट. प्रोबेशन सहा महिने. कामगिरी पाहून जिवलग म्हणून कायम करण्यात येईल.

छुपा कॅमेरा काही नवा नाही. अमेरिकेत तो 1948 पासून टीव्हीवर आहे, आणि बकरा बहुधा रस्त्यावरचा परका माणूस. खऱ्या मित्रांच्या कार्यक्रमात गंमत उलटी होते. एकाच्या कानात यंत्र, बाकीचे आत लपलेले. ते सांगतील ते भर दुकानात बोलायचं, नाही बोललास तर हरलास, हरलास की शिक्षा. समोरच्या गिऱ्हाइकाला फक्त एक वेडा भेटतो. लाज जाते ती मित्राची, आणि कुठे बोट ठेवलं की हा कानापर्यंत लाल होतो, हे आतल्यांना शाळेपासून ठाऊक असतं. म्हणून तर आपण बघत बसतो. पगारी लंगोटीयाराला हे कुठून ठाऊक असणार? त्याला शेजारच्याचं आडनाव विचारून घ्यावं लागतं.

मग तो सोपं काम करतो. भाजीवालीची पाटी उलथतो. रात्रपाळीच्या वॉचमनच्या कानाशी फटाका फोडतो, आणि तो माणूस छातीवर हात धरून थरथरत असताना ओरडतो, 'काका, कॅमेरा तिकडे आहे, हात करा!' काका हात करतात. न करून सांगतील कोणाला? बारा तासांची ड्युटी, आणि शूटिंग करतोय सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा. अरे, एकदा चेअरमनच्या कानाशी फोडा की तो फटाका! नाही फोडणार. तिथे यांची विनोदबुद्धी चपला काढून दाराबाहेर उभी राहते. मेथीच्या तुडवलेल्या जुड्यांचे पैसे कोण देतं, हे एकाही व्हिडिओत मला दिसलेलं नाही.

असो. पुतण्याने अर्ज भरलाय. 'मैत्रीचा अनुभव' या रकान्यात 'फ्रेशर' लिहिलंय. संदर्भासाठी दोन जिवलगांची नावं हवीत, म्हणून माझ्या कट्ट्यावरचे दोघे मागत होता. एक दिला. त्याच्याकडे माझा रेनकोट आहे, येताना तेवढा घेऊन ये म्हटलं.