सोवळ्यातली सुरी

नागावच्या हवेत गंज चढायला निमित्त लागत नाही. खिडकीचे गज, बिजागऱ्या, छत्रीच्या काड्या, सायकलची साखळी, सगळ्यांवर समुद्र हळूहळू आपला हक्क सांगतो. अशा गावात भाच्याने जपानमधल्या साकाईहून हाताने घडवलेली पोलादी सुरी आणली, हे धाडसच. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते वर पातळ थर धरून लोखंडाला सांभाळतं. या सुरीत ते नाही. शेकडा एखादा भाग कार्बन, बाकी जवळजवळ सगळं लोखंड. म्हणून पातं कडक आणि धार अशी की पिकला टोमॅटोही न दबता कापला जातो.

सोबतच्या पत्रकात नियम होते. ओली ठेवू नये. आंबट चिरलं की लगेच पुसावी. हाडाला लावू नये. इतर भांड्यांत टाकू नये. ठेवून द्यायची तर तेलाचा हात फिरवावा. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सोवळ्यात आहे."

साकाईचा आणि आमचा तसा जुना संबंध आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत जपानात तंबाखू पोचला आणि तो बारीक चिरायला साकाईचे लोहार सुऱ्या घडवू लागले. त्याच शतकात पोर्तुगीजांनी इथून जवळच रेवदंड्याला कोट बांधला. साकाईच्या वाट्याला धार आली, आमच्या वाट्याला पडके तट.

पण खरं सांगायचं तर यात आईला नवं काही नव्हतं. तिची विळीही त्याच जातीची, लोहाराने भट्टीत तापवून, ठोकून, पाणी दिलेली. कैरी, कोकम, केळफूल चिरलं की पातं काळवंडायचं. मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायचं, पुसायचं, आडवं घालून ठेवायचं. धार गेली तर कपाच्या बुडाची खरखरीत कड होतीच. फारच गेली तर दारावरून धारवाला जायचा. पत्रकात मात्र हजार नंबरचा दगड आधी भिजत घालायला सांगितलंय. आई म्हणते, कडधान्य आहे का ते?

अलिबागच्या बाजारात मावश्या सुरमई कापतात तिथे तर खारं पाणी, रक्त आणि बर्फ. सोवळ्याचा प्रश्नच नाही. तरीही विळीचं पातं लखलखतं, कारण ते दिवसभर घासलं जातं आणि गंजाला बसायला फुरसत मिळत नाही. आमची सुरी फळीवर मऊ फडक्यात गुंडाळलेली. पांढरा कांदा चिरायला कधीतरी बाहेर येते, तेवढ्यानेच निळसर-करडी झाली. हा रंग बिघाड नव्हे, तो थोडंफार राखणच करतो, पण हे पाहुण्यांना पटवता पटवता कांदा करपतो.

खंडेनवमीला आईने विळी, कोयता, अडकित्ता मांडले आणि शेजारी सुरी. गंध, हळदकुंकू, वर पाण्यात बुडवलेलं झेंडूचं फूल. पूजेबद्दल पत्रकात अक्षर नव्हतं. दसऱ्याला फूल उचललं तर खाली तांबूस ठिपका.

रात्री भाच्याचा फोन. "आजी, सुरी कशी आहे?"

"छान आहे रे. कुंकू लावलंय तिला. आता पुसलं तरी जात नाही."