आरएस चारशे येतेय म्हणे!

"अगं ऐकलंस का? आमच्या मंदारनं परत गाडी पुढं ढकलली!"

काकूंचा आवाज कंपाउंडच्या भिंतीवरून आला तेव्हाच मी कुकरखालचा गॅस बंद केला. काकू भिंतीला कोपरं टेकून उभ्या राहिल्या म्हणजे अर्धा तास कुठं गेला नाही.

"आता काय झालं? पैसे कमी पडले का?"

"पैसे तयार आहेत गं. पाडव्याला आणायची ठरलेली. पल्सर आरएस २००, लाल. शोरूममधल्या त्या मुलाचा रोज फोन येतोय. आणि हा म्हणतो, थांबा, आरएस ४०० येतेय!"

"कुणी सांगितलं?"

"ऑफिसातल्या कुणाचा तरी मेव्हणा आहे. त्यानं म्हणे चाकण रोडला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. अंगभर काळे-पांढरे पट्टे गुंडाळलेली."

पट्टे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. निगडी-आकुर्डीकडं राहणाऱ्या माणसाला पट्टेवाली गाडी काय ते सांगावं लागत नाही. बजाजचं मुख्य ऑफिस आकुर्डीला, पल्सरचा कारखाना चाकणला आणि गाड्या तपासून मंजुरी देणारी एआरएआय वेताळ टेकडीवर. नव्या गाडीचा सगळा वावर आमच्याच रस्त्यांवर. बाजारात येण्याआधी तिच्यावर असे स्टिकर चिकटवून तिला पळवतात, म्हणजे फेअरिंगच्या घड्या, दिव्याचा आकार, काही कळू नये. लोक सिग्नलला मोबाइल काढतात आणि संध्याकाळपर्यंत गाडीचं नाव, सीसी, किंमत, सगळं ठरलेलं असतं. खरं तर पाहणाऱ्यानं पाहिलेले असतात फक्त पट्टे.

काका झाडांना पाणी घालत होते. भोसरीला त्यांचं वर्कशॉप होतं, गाड्यांच्या कारखान्यांना लागणारी जिग-फिक्श्चर बनवायचे. रिटायर झाले तरी कान तिकडंच. हातातली नळी कुंडीत सोडून भिंतीपाशी आले.

"त्या मेव्हण्याला चारशे सीसी दिसली कशी? टाकीवर लिहिलं होतं का?"

"तुम्हाला काय सगळंच खोटं वाटतं."

"खोटं नाही गं, जुनं वाटतं. ही आरएस ४०० २०१४ पासून येतेय. त्या वर्षी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत बजाजनं दोन चारशेच्या पल्सर मांडल्या होत्या, सीएस ४०० आणि एसएस ४००. सीएस म्हणजे उघडी, एसएस म्हणजे सगळं अंग झाकलेली, रेसला जाते तशी. फोटो बघून पोरं वेडी झाली होती. त्यातली सीएस आली २०१६ च्या डिसेंबरात. ती पण पल्सर म्हणून नाही, डॉमिनार म्हणून. आधी म्हणे तिचं नाव क्रॅटोस होणार होतं."

"आणि एसएस?"

"एसएस अजून येतेय."

त्या डॉमिनारची मला आणखी एक गोष्ट आठवते. ती निघाली तेव्हा चाकणला तिची अख्खी लाइन बायका चालवतात अशी बातमी होती. ३७३ सीसीची, भरभक्कम गाडी, आणि जोडणाऱ्या सगळ्या पोरी. आमच्याकडं मात्र गाडीतलं काही विचारलं की अजून "तुला नाही कळायचं" हे उत्तर येतं.

"पण चारशेची पल्सर आली की," मी म्हटलं. "एनएस ४०० झेड. २०२४ च्या मे महिन्यात. एक लाख पंच्याऐंशी हजारांना."

"तेच तर मंदार म्हणतो!" काकूंना आधार मिळाला. "इंजिन तयार आहे, नुसतं वरून प्लॅस्टिक घालायचंय, म्हणतो. एनएस २०० आणि आरएस २०० चं नाही का, इंजिन एकच, एकीला कपडे आहेत, एकीला नाहीत."

ह्यात तथ्य आहे, हे काकांनाही मान्य करावं लागलं. २०० एनएस २०१२ ला आली आणि तेच इंजिन फ्युएल इंजेक्शन लावून, पुढून झाकून २०१५ च्या मार्चमध्ये आरएस २०० म्हणून आलं. साडेचोवीस पीएस ताकद, लिक्विड कूलिंग, एका सिलिंडरला तीन स्पार्क प्लग. दहा वर्षं तीच गाडी चालू राहिली. २०२५ च्या जानेवारीत मागचे दिवे आणि मीटर बदलून पुन्हा नवी म्हणून आणली.

"मग एनएस ४०० ला कपडे घालायला काय लागतं?" काकू म्हणाल्या.

"घोडं तिथंच पेंड खातं," काका म्हणाले. "जीएसटी! २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून साडेतीनशे सीसीपर्यंत अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला. आणि त्याच्या वर सरळ चाळीस. एनएस चारशे म्हणतात, पण इंजिन ३७३ चं. वरच्या तेवीस सीसींनी घात केला बघ. आता ह्या घडीला कुठली कंपनी चारशेची नवी गाडी काढील? भोसरीत तर बोलतात, इंजिनच साडेतीनशेच्या आत बसवायचं चाललंय म्हणून. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत."

"म्हणजे आरएस ३५०?"

"मी असं म्हटलं का?"

काकांनी म्हटलं नव्हतं. पण काकूंच्या चेहऱ्यावरून कळत होतं, संध्याकाळच्या भजनी मंडळापर्यंत ते पोचणार.

आता खरं सांगायचं तर ह्या कंपनीच्या बाबतीत 'येणार' ह्या बातमीपेक्षा मी 'बंद झाली' ह्या बातमीला जास्त भिते. कारण आमच्या दारात ह्यांची २२० उभी आहे. काळी, २०१० ची, कार्ब्युरेटरवाली. एकाखाली एक दोन गोल दिवे, त्यातला एक प्रोजेक्टर, मागं दोन उभ्या लाल रेघा. जाहिरातीत तिला द फास्टेस्ट इंडियन म्हणायचे, आणि ते ह्यांनी इतकं मनावर घेतलं की पहिली दोन वर्षं मी मागं बसून फक्त रामरक्षाच म्हटली. पुढचं फेअरिंग चॅसीला पक्कं बसवलेलं आहे, हँडलला नाही. त्यामुळं रात्री आमच्या बोळात वळताना हँडल वळतं आणि दिवा मात्र समोरच्या कुलकर्ण्यांच्या खिडकीत जातो. पंधरा वर्षं कुलकर्णी काकू पडदा ओढतायत.

तर ही २२० मध्यंतरी अडचणीत आली. २८ ऑक्टोबर २०२१ ला पल्सरला वीस वर्षं होत आली म्हणून एफ २५० आणि एन २५० काढल्या. एफ म्हणजे २२० चीच धाकटी जाऊ, अर्धं अंग झाकलेली. नवी आल्यावर थोरलीचं काय होणार ते दिसतच होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये २२० गाजावाजा न करता बंद. ह्यांनी त्या दिवशी गाडी धुतली, पॉलिश केली, आणि जेवताना कुणाशी बोलले नाहीत. मग लोक विचारायला यायला लागले. विकायची का? कितीला? चिंचवडचा एक मुलगा तर रोख पैसे घेऊन दारात. ह्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "आता मिळणार आहे का अशी गाडी?" म्हणून आठवडाभर छाती पुढं.

आणि २०२३ च्या फेब्रुवारीत २२० परत शोरूममध्ये! एफ २५० सुद्धा विकायला, २२० सुद्धा विकायला. थोरली म्हणून जिला बाजूला सारलं तिलाच पुन्हा बोलावून आणलं, कारण लोक शोरूममध्ये येऊन तीच मागत होते. मी म्हटलं, चला, आनंद झाला असेल. ह्यांचं तोंड एवढंसं! चिंचवडचा मुलगा पुन्हा फिरकला नाही ते वेगळंच.

"एनएस २०० चं पण असंच केलं होतं," काका म्हणाले. "२०१५ ला बंद करून तिच्या जागी एएस २०० आणली. उंच काच, अर्धं फेअरिंग, टुरिंगला म्हणून. लोकांनी तिला काही विचारलं नाही. २०१७ च्या जानेवारीत मुकाट्यानं एनएस परत. एएस बिचारी गेली ती गेलीच."

"म्हणजे ह्यांच्यात बंद म्हणजे बंद नाही," काकू म्हणाल्या.

"चेतक घे. २००९ च्या डिसेंबरात राजीव बजाजांनी सांगितलं, स्कूटर बंद, आम्ही मोटारसायकलवालेच. वडलांनी, राहुलजींनी, उघड नाराजी दाखवली. आणि आज रस्त्यावर बघ, विजेवरची चेतक फिरतीये. आकुर्डीचा प्लांट २००७ ला बंद झाला होता, तिथंच २०२२ च्या जूनमध्ये तिचा कारखाना उघडला, राहुलजींच्या वाढदिवशी. ते बघायला मात्र ते राहिले नाहीत, फेब्रुवारीतच गेले."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. कुंडी भरून पाणी काकूंच्या चपलांपर्यंत आलं होतं, मग त्यावरून काकांना बोलणी बसली.

बाकी मॉडेल जातं ते कशानं, ह्यावर काकांचं एक पक्कं मत आहे आणि मला ते पटतं. फेअरिंग, रंग, जाहिरात, ह्यातलं काही नाही. मॉडेलचा काळ म्हणजे एक एप्रिल. २०१७ चा धुराचा नियम बीएस फोर, २०१९ चा एबीएस, २०२० चा बीएस सिक्स, २०२३ चा त्याचा दुसरा टप्पा, सगळे एक एप्रिलचे. प्रत्येक वेळी गाडीला नवे सेन्सर, नवा सायलेन्सर, पुन्हा सगळ्या चाचण्या. जी खपते तिच्यावर हा खर्च करतात, जी रडतखडत चालते तिला मार्चमध्येच निरोप. आमच्या २२० चंच बघा. २००७ ला ती आली तीच फ्युएल इंजेक्शन घेऊन, महाग पडली. २००९ ला इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावला, स्वस्त झाली आणि धावत सुटली. २०२० ला बीएस सिक्सनं पुन्हा इंजेक्शन लावायला लावलं. तेरा वर्षांनी जिथून निघालो तिथंच.

२०१७ च्या मार्चचे शेवटचे दोन दिवस तर विसरायचे नाहीत. एकोणतीस तारखेला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एक एप्रिलपासून बीएस थ्री गाडी विकायची नाही. काही कंपन्यांनी दहा-वीस हजारांपर्यंत सूट दिली. शोरूमबाहेर रेशनसारख्या रांगा. कुठला रंग, कुठलं मॉडेल, कुणी विचारत नव्हतं. आमच्या लेनमधले एकजण नाक्यावर केळी आणायला गेले आणि गाडीची पावती घेऊन आले.

एवढ्यात मंदारच आला. सहा फुटाचा मुलगा, वडलांच्या जुन्या स्प्लेंडरवर गुडघे बाहेर काढून बसलेला. काकूंनी फाटक उघडायच्या आधीच सुरुवात केली.

"आरएस ३५० येतेय म्हणे! बाबा सांगत होते."

"मी नाही!"

"३५० नाही गं आई, ४००च. अडीच लाखांच्या आत बसवतील बघ."

"अडीच? मग सव्वादोनच्या वर एक रुपया देणार नाही मी," काका कडाडले.

"बाबा, ४३ पीएस ची गाडी सव्वादोनला कोण देतं?"

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! दहा मिनिटं बापलेक एका न निघालेल्या गाडीच्या ऑन-रोड किमतीवर भांडले. इन्शुरन्ससुद्धा धरला होता. शेवटी मीच विचारलं, "मंदार, दोनशे चालवून बघितलीस ना तू? कशी वाटली?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग भिंतीजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, कुणाला बोलू नका. टेस्ट राइडला निगडीपासून देहूरोडपर्यंत गेलो. पाय मागं, अंग पुढं. उतरलो तेव्हा कंबर धरलेली. दोन दिवस ऑफिसात सरळ बसता येत नव्हतं."

"अरे, मग चारशेवर काय वेगळं होणार आहे? तिच्यावरही वाकूनच बसायचं!"

"ते माहितीये हो. पण सगळ्या ग्रुपला सांगून बसलोय ना, आरएस घेतोय म्हणून. नको म्हटलं तर म्हातारा झालास म्हणतील. थांबलोय म्हटलं की कुणी काही बोलत नाही. उलट विचारतात, आत्तापर्यंत काय कळलं?"

काकूंचे कान तसे तिखट. "मग सरळ बसायची ती डॉमिनार घे की! पोरी बनवतात म्हणे तिला."

"घेतली असती गं," मंदार स्प्लेंडर आत ढकलत म्हणाला, "पण तिचंही काही खरं नाही. बंद करणार म्हणतात."