माहेरचा संघ

कोल्हापुरात लग्न ठरवताना पत्रिका बघतात, शेती बघतात. पोरीचा फुटबॉल संघ कोणी विचारत नाही. विचारायला हवा. माझं माहेर शिवाजी पेठेतलं, सासर मंगळवार पेठेतलं. म्हणजे मी खंडोबा संघाची आणि नवरा पाटाकडीलचा. वर्ल्डकप आला की त्यात भर पडते. त्याचं अर्जेंटिना, माझं ब्राझील.

त्याच्या अर्जेंटिनाला गल्लीत निष्ठा म्हणतात. माझ्या ब्राझीलला हट्ट. ‘वहिनी, नेमार आवडतो होय?’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर तयारच असतं. ३० जून २००२ ला योकोहामात रोनाल्डोनं जर्मनीवर दोन गोल मारले, तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसून बघत होते. नेमार त्या वेळी दहा वर्षांचा होता. नवऱ्याला मात्र आजवर कोणी विचारलं नाही, की मेस्सीचे डोळे आवडतात का म्हणून.

लग्नानंतर आडनाव बदललं, रेशनकार्ड बदललं. संघही बदलावा असं कोणी तोंडानं म्हणत नाही, पण मनात असतं. ब्राझील हरलं की ते बाहेर पडतं.

९ डिसेंबर २०२२ ची रात्र. साडेआठला ब्राझील-क्रोएशिया, साडेबाराला अर्जेंटिना-नेदरलँड्स. दोघं जिंकले असते तर उपांत्य सामन्यात गाठ होती, वर्ल्डकपात १९९० नंतर पहिल्यांदा. जादा वेळेत नेमारनं गोल केला आणि मी मनात मंगळवारच्या त्या सामन्याची तयारी सुरू केली. सामना संपायला काही मिनिटं उरली असताना पेटकोविचनं बरोबरी केली. मग पेनल्टी. रॉड्रिगोची गोलकीपरनं अडवली, मार्किन्योसची खांबावर आदळली. मी रडले. नवरा काही बोलला नाही, टीव्हीचा आवाज तेवढा बंद केला.

बाराच्या सुमारास त्याचे मित्र आले. ‘वहिनी, तुमचं संपलं. आता आमच्यात या.’ का म्हणून यायचं? पाटाकडील हरल्यावर यांच्यापैकी एकजण तरी खंडोबाच्या गॅलरीत जाऊन बसला होता का?

मी नेदरलँड्सच्या बाजूनं बसले. दोन-शून्य मागे असताना वेगहॉर्स्टनं एक फेडला. मग वाढीव वेळेच्या अकराव्या मिनिटाला ती फ्री किक. सगळ्यांना वाटलं थेट मारणार. त्यांनी भिंतीजवळ हळूच जमिनीवरून पास दिला आणि वेगहॉर्स्टनं वळून जाळ्यात घातला. मी किंचाळले. मित्रांनी नवऱ्याकडे बघितलं, बायकोला आवर म्हटल्यासारखं. तो म्हणाला, ‘गोल भारी होता.’ पुढे पेनल्टीत अर्जेंटिना जिंकलं आणि तो नाचलाही. त्या तीन शब्दांसाठी मी त्याचा नाच सहन केला.

हे मित्र मेस्सीचे गोल पाठ म्हणून दाखवतात. मार्ताचे किती, विचारलं की गप्प. वर्ल्डकपात १७ गोल, पाच वेगवेगळ्या स्पर्धांत. आणि ती ज्या ब्राझीलची, तिथं १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला सरकारी बंदी होती. बाईनं मैदानात उतरू नये हे तिथं हुकूम काढून सांगावं लागलं. आमच्या गल्लीत नुसत्या ‘वहिनी, तुम्हाला ऑफसाइड कळतो का’ एवढ्यावर भागतं. कळतो. रेफ्रीच्या आधी कळतो.

फायनलला मी फ्रान्सच्या बाजूनं होते, हेही सांगून टाकते. नवरा जिंकला, ओक्साबोक्शी रडला. मी त्याला पाणी दिलं आणि एम्बापेच्या तीन गोलांबद्दल बोलत राहिले.

घरात एकच माणूस यात कधी चुकत नाही. वर्ल्डकपात रोज संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडता निवडता विचारायच्या, ‘आज मॅच तुझी हाय का त्येची?’ माझी असली की भाकऱ्या त्या थापायच्या.