टोलनाक्यावरची पत

२०१८ च्या ऑगस्टची सुरुवात होईपर्यंत आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी देशातल्या सर्वांत भरवशाच्या कर्जदारांत मोडत होती. पतमानांकन संस्थांनी तिच्या कपाळी ‘ट्रिपल ए’चा टिळा लावलेला होता. सप्टेंबरच्या मध्यावर तो पुसून तिथं ‘डी’ लिहिला गेला. हप्ता चुकवणाऱ्यासाठी याच्या खालचं अक्षर या मंडळींच्या बाराखडीत नाही. वैद्यबुवांनी सकाळी नाडी पाहून ‘शंभरी गाठणार’ म्हणावं आणि संध्याकाळी मृत्यूचा दाखला लिहायला बसावं, तसा हा सगळा प्रकार दीड महिन्यात उरकला.

कंपनी काही ऐऱ्यागैऱ्याची नव्हती. भागधारकांत एलआयसी, स्टेट बँक आणि जपानची ओरिक्स. एवढी घरंदाज मंडळी सोयरिकीला असल्यावर मुलीकडच्यांनी चौकशी ती काय करायची? म्हणून भविष्य निर्वाह निधीवाल्यांनीही डोळे मिटून कर्जरोखे घेतले. पुढं केंद्र सरकारनं १ ऑक्टोबर २०१८ रोजी संचालक मंडळ बरखास्त करून बँकर उदय कोटक यांच्या हाती किल्ल्या दिल्या. तेव्हा आत तीनशेहून अधिक कंपन्या आणि नव्वद हजार कोटींवर कर्ज निघालं. त्यात एक मोठं खातं रस्त्यांचं होतं. जम्मू-काश्मीरमधला चनैनी-नाशरी बोगदा याच समूहाचा, पुणे-सोलापूर महामार्गाच्या एका टप्प्याची कंपनी याच समूहाची आणि दिल्लीला नोएडाशी जोडणारा यमुनेवरचा पूलही याच समूहाचा.

रस्त्याला कर्ज द्यायला बँकांना भारी आवडतं. रस्ता पळून जात नाही, संपावर जात नाही, लंडनला जाऊन राहत नाही. लोक रोज त्यावरून जाणार आणि रोज पैसे टाकणार. यात बुडण्यासारखं आहे काय?

हे ठरवायला पतमानांकन अहवाल असतो आणि तो मन लावून वाचावा असाच असतो. पहिला अध्याय वाहतुकीचा. रस्त्याकडेला सात दिवस माणसं बसवून गाड्या मोजायच्या आणि त्या सात दिवसांच्या आधारावर पुढची पंचवीस वर्षं सांगायची, ही त्यातली मान्य पद्धत. भविष्य सांगणाऱ्या पोपटाला निदान पाकीट तरी उचलावं लागतं. मोजताना सगळी वाहनं ‘पॅसेंजर कार युनिट’मध्ये बसवतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या कोष्टकात मोठी बैलगाडी आठ मोटारींच्या बरोबरीची धरली आहे. अर्थात ती बरोबरी रस्ता अडवण्यातली. टोल भरण्यात बैलांचं योगदान शून्य.

या भविष्यकथनाची कुंडली रॉबर्ट बेन या अभ्यासकानं मांडून ठेवली आहे. स्टँडर्ड अँड पूअर्समध्ये असताना त्यानं जगभरातले शंभरावर टोल प्रकल्प तपासले. प्रत्यक्ष वाहतूक सरासरीनं अंदाजाच्या ७७ टक्के निघाली. आता बँकेचं गणित पाहा. हप्ता १०० रुपयांचा असेल, तर तो भरण्यासाठी १३० रुपये हाती यावेत, म्हणजे कर्ज सुरक्षित. १३० चे ७७ टक्के म्हणजे जेमतेम १००. शिवाय गाड्या कमी आल्या म्हणून खड्डे बुजवण्याचा खर्च कमी होत नाही, त्यामुळं प्रत्यक्षात शंभरही उरत नाहीत. तात्पर्य, सुरक्षेची जी उशी म्हणून ठेवली जाते, ती वाहतूकतज्ज्ञाच्या सरासरी आशावादातच दबून जाते.

अमेरिकेतल्या इंडियाना टोल रोडनं हे सविस्तर करून दाखवलं. २००६ मध्ये स्पेनची सिंत्रा आणि ऑस्ट्रेलियाची मॅक्वायरी यांनी ३.८ अब्ज डॉलर मोजून हा रस्ता ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतला. पैसा बहुतांश उसना. मग मंदी आली, गाड्या घटल्या, कर्ज मात्र फुगत गेलं आणि २०१४ च्या सप्टेंबरात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधींच्या आयएफएमनं तोच भाडेपट्टा सुमारे ५.७ अब्ज डॉलरना विकत घेतला. दिवाळखोर झाल्यावर रस्त्याची किंमत वाढली! कारण दिवाळं कंपनीचं निघालं होतं. रस्ता आपला जागच्या जागी होता आणि ट्रकवाल्यांना यातलं काही कळलंही नाही.

दुसरा अध्याय कराराचा. इथं अहवाल लिहिणाऱ्याची लेखणी विशेष खुलते. करार जितका कंपनीच्या बाजूचा, तितका शेरा उत्तम. या निकषावर दिल्ली-नोएडा-डायरेक्ट उड्डाणपुलाच्या कराराला सुवर्णपदकच द्यायला हवं. १९९७ चा हा करार. २००१ मध्ये पूल खुला झाला, खर्च ४०८ कोटी. कंपनीला त्या खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेलच, असं करारात लिहिलेलं. एखाद्या वर्षी तेवढा नाही मिळाला तर? काळजी नको. जेवढी तूट, तेवढी रक्कम प्रकल्पाच्या खर्चात मिळवायची आणि पुढल्या वर्षी त्या वाढीव खर्चावर पुन्हा २० टक्के. वीस टक्क्यांची चक्रवाढ चार वर्षांत दुप्पट होते, हे सावकारी कायद्याच्या आधीच्या काळातल्या कुठल्याही सावकारानं तोंडी सांगितलं असतं. फरक एवढाच की त्याला एवढं देखणं बाइंडिंग परवडलं नसतं. पूल जुना होत गेला आणि त्याची किंमत वाढत गेली. पैसे वसूल होईपर्यंत टोलची मुदतही वाढत राहणार होती, म्हणजे जगबुडीपर्यंत.

कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीनं याहून गोड कागद नाही. पण कागद जितका गोड, तितक्या मुंग्या लवकर लागतात. नोएडातल्या रहिवासी संघटना न्यायालयात गेल्या. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २६ ऑक्टोबर २०१६ रोजी टोल बंद केला आणि सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. टोल लावण्याचा अधिकार असा दुसऱ्याला देऊन टाकणं बेकायदा, हिशेबाचं सूत्र अन्यायकारक आणि निविदा न काढताच कंपनीची निवड. अहवालात ज्या कलमाची ‘बळकट बाजू’ म्हणून गणना व्हायची, तेच कलम न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं. दगडफेक नाही, जाळपोळ नाही, एका जनहित याचिकेत काम झालं. टोल गेल्यावर कंपनीकडं कमाईचं मुख्य साधन उरलं ते जाहिरातींच्या फलकांचं.

याउलट कोल्हापूर. तिथं शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांसाठी २२० कोटींची योजना झाली आणि वसुली तीस वर्षांची. कोल्हापूरकरांनी हिशेब मांडला आणि ‘टोल देणार नाही’ एवढं तीन शब्दांचं उत्तर दिलं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा वयोवृद्ध नेता पुढं, मागं मोर्चेच मोर्चे. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. कुठल्याही पतमानांकनाच्या तक्त्यात पेटता टोलनाका हा वाईट शेराच असणार. पण पुढं झालं ते तक्त्यात न बसणारं. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं टोल रद्द केला आणि रस्ते करणाऱ्या कंपनीचं देणं साडेचारशे कोटींहून अधिक ठरवून सरकारी तिजोरीतून भागवायचं पत्करलं.

म्हणजे जिथं शांतता होती आणि करार पोलादी होता, तिथं पैसे देणाऱ्यांचे हात पोळले. जिथं नाके जळाले, तिथं भरपाई मिळाली. कोल्हापुरात टोल न देणाऱ्या माणसानं तो कराच्या रूपानं दिला, आणि त्याच्याबरोबर गडचिरोलीतल्या, कोल्हापूर कधी न पाहिलेल्या माणसानंही दिला. बँकेला काय, पैशाला वास नसतो, धुराचासुद्धा.

तेव्हा वाहतूक मोजण्यापेक्षा निवडणुका मोजाव्यात, हे महाराष्ट्रातल्या कर्जदात्यांना आता तोंडपाठ व्हायला हवं. २०१४ च्या विधानसभेआधी पृथ्वीराज चव्हाण सरकारनं ४४ टोलनाके बंद केले. सत्तेवर आल्यावर देवेंद्र फडणवीस सरकारनं २०१५ मध्ये आणखी १२ कायमचे बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली. मुंबईच्या वेशीवरचे दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन अशा पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर झाली ती १४ ऑक्टोबर २०२४ रोजी. निवडणूक आयोगानं विधानसभेचं वेळापत्रक जाहीर केलं ते १५ ऑक्टोबरला. एवढा नेमका अंदाज वाहतूकतज्ज्ञाला पंचवीस वर्षांत एकदा जरी साधला असता, तर बँकांनी त्याची मिरवणूक काढली असती.

त्यात अधूनमधून दिल्लीचीही इच्छा होते. नोटाबंदीत ९ नोव्हेंबर २०१६ पासून २ डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल बंद. करोनाच्या टाळेबंदीत मार्चअखेरीपासून २० एप्रिल २०२० पर्यंत बंद. पंजाबात शेतकरी आंदोलनात नाक्यांवर वर्षभर खाटा पडलेल्या. सात दिवसांच्या गाड्या-मोजणीत या गोष्टी कुणाच्या वहीत येणार?

तिसरा अध्याय भिंतीचा. टोलचा रुपया फास्टॅगमधून निघाला की थेट मालकाच्या खिशात जात नाही. तो एस्क्रो खात्यात पडतो. तिथं त्याला रांगेत उभं राहावं लागतं. आधी कर, मग देखभाल, मग सरकारी देणी, मग बँकेचा हप्ता, मग राखीव निधी आणि शेवटी उरलं तर मालक. प्रत्येक रस्त्याची कंपनी वेगळी, खातं वेगळं. मूळ समूह बुडाला तरी पाणी या भिंतीच्या आत येणार नाही, असं अहवाल ठामपणे सांगतो. आयएल अँड एफएस बुडाल्यावर भिंत खरोखरच टिकली. इतकी टिकली की आतले पैसे बाहेर येईनात! झारखंडमधल्या रस्ते कंपन्यांना सरकारकडून ठरावीक रक्कम मिळत होती, खात्यात पैसे होते, कर्जरोख्यांचं व्याज द्यायची तयारीही होती. पण १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कंपनी विधी अपिलीय न्यायाधिकरणानं समूहातल्या सगळ्याच कंपन्यांच्या देण्यांना स्थगिती दिली. खात्यात पैसे, तरी हप्ता चुकला आणि मानांकन ‘डी’. गिरणीत धान्य, घरात पीठ नाही आणि गिरणीला न्यायालयाचं कुलूप.

आता प्रश्न उरतो तो अहवाल लिहिणाऱ्यांचा. ज्याची पत मोजायची तोच फी देतो, ही या धंद्याची रीत. नव्या संचालक मंडळानं नेमलेल्या ग्रँट थॉर्नटनच्या अंतरिम अहवालात मानांकन संस्थेतल्या अधिकाऱ्यासाठी रिअल माद्रिदच्या सामन्याच्या तिकिटांची सोय झाल्याचाही उल्लेख आला. टोलच्या कर्जाचा अंदाज बांधायला गोलपोस्टही पाहावा लागतो, हे सामान्य ठेवीदाराला कसं कळावं? डिसेंबर २०१९ मध्ये सेबीनं संस्थांना प्रत्येकी २५ लाखांचा दंड केला आणि पुढल्या वर्षी तो एक कोटीवर नेला. नव्वद हजार कोटींच्या चुकीला एक कोटी, असा हा टोल. तोही रिटर्नसह.

तरीही रस्ते बांधायचे आहेत आणि कर्जही लागणार आहे. २०१९-२० मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वसुलीचे हक्क ८,२६२ कोटींना गेले. तिथं दर तीन वर्षांनी १८ टक्के दरवाढ आधीच अधिसूचनेत लिहिलेली, त्यामुळं २०२३ च्या एप्रिलात मोटारीचे २७० रुपये ३२० झाले आणि घाटात कुणी हूं की चूं केलं नाही. असे सरळ रस्ते थोडे. बाकीच्यांसाठी बँकांनी जुना तक्ता बाजूला ठेवून छोटा अर्ज छापून घ्यावा. त्यातले प्रश्न असे: पुढली निवडणूक कधी? रस्त्याला पर्यायी मोफत वाट आहे का? गावात तालमी किती? वसुली बंद पडल्यास भरपाई देणाऱ्या सरकारचं स्वतःचं कर्ज किती? मानांकन संस्थेतल्या अधिकाऱ्यांचा आवडता संघ कोणता? आणि करारात हमखास परतावा किती लिहिला आहे? तो दहा टक्के असेल, तर अर्ज शाखेत ठेवावा. पंधरा असेल, तर विधी विभागाकडं पाठवावा. वीस असेल, तर अर्जदाराला चहा पाजून कागद परत करावेत.